संडे स्कूलमध्ये नियम आणले तर शिक्षक सोडून जातील का?

"मॅडम, आमच्याकडे सगळे एकमेकांना लहानपणापासून ओळखतात. मी मुलांच्या सुरक्षिततेच्या नियमांचा कागद पुढे केला, की शिक्षकांना वाटेल ताईंना आमच्यावर संशय आहे. दोघी-तिघी सोडून गेल्या तर शिकवायचं कोणी?" नागपुरातल्या एका मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलच्या प्रमुख, व्हीबीएसच्या (सुट्टीतल्या बायबल शाळेच्या) तोंडावर, उन्हातान्हाच्या माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) ही काळजी मी क्रीडा शिबिरं घेणाऱ्यांकडून, शिकवणी चालवणाऱ्यांकडूनही ऐकते. चर्चमध्ये ती जास्त बोचते, कारण तिथे सगळे सेवा म्हणून येतात, कुणी पगारी नसतं.

मी त्यांना सांगितलं, नियम माणसाकडे बघून करायचाच नाही. पाळकांपासून (चर्चच्या धर्मगुरूंपासून) कालच आलेल्या मदतनीसापर्यंत सगळ्यांना एकच नियम असला, की त्यात कुणाचा अपमान होत नाही. आणि 'सगळे ओळखीचे' यावर विसंबून राहता येत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 चा अभ्यास सांगतो, की मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे त्यांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. अत्याचार सोसलेल्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. "पोरांचं काय एवढं" असं अजूनही म्हटलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बोलता बोलता ताईंची खरी धास्ती बाहेर आली. एक तरुण शिक्षक, मुलांचा लाडका दादा, युवक संघानंतर मुलांना एकेकट्याला गाडीवर घरी सोडायचा. त्यातला सहावीतला एक मुलगा हल्ली गप्प झाला होता. त्यांना दादावर शंका घ्यायची नव्हती, आणि दुर्लक्षही करवत नव्हतं.

मी दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. दादाला काही विचारायचं नाही. 'कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाला गाडीवर नेणार नाही' हा नियम सगळ्यांसाठी आणायचा. मुलाशी मात्र बोलायचं, पण "दादाने काही केलं का?" असं त्याच्या तोंडात उत्तर घालणारं विचारायचं नाही. "हल्ली तू गप्प असतोस, बरं वाटत नाही का?" एवढं म्हणायचं आणि थांबायचं. तो चौथ्या रविवारी बोलला. घरात आईवडिलांची भांडणं विकोपाला गेली होती. दादाशी त्याचा काही संबंध नव्हता. दादाने नियम ऐकला तेव्हा म्हणाला, "बरं झालं ताई. उद्या कोणी काही बोललं असतं, तर माझी बाजू कोण मांडणार होतं?"

प्रशिक्षणाच्या दिवशी मी फळ्याकडे गेलेच नाही. आधी सगळ्यांना घेऊन आवारात फिरले. क्वायरची (गायकवृंदाची) वाद्यं ठेवायची खोली कायम बंद, तिची किल्ली तिघांकडे. मुलांचं शौचालय मागच्या भिंतीला, तिथे कुणाचं लक्ष जात नाही. वर्गाची दारं उघडी ठेवा म्हटल्यावर एक काकू म्हणाल्या, "मे महिन्यात? लू आत येते नं." तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "कूलर लावला तर हवा बाहेर जायला दार उघडं लागतंच." तो प्रश्न तिथेच मिटला. प्रत्येक वर्गावर दोन मोठी माणसं असावीत, एकाच घरातली नसावीत, हे मात्र बराच वेळ वाद घालून ठरलं. मुलांना रात्री खासगी मेसेज नाहीत. ग्रुप असेल तर त्यात पालक हवेत.

मग एकीने हळूच विचारलं, "म्हणजे लेकरू पडलं, रडलं, तर जवळ घ्यायचं नाही?" घ्यायचं. सगळ्यांसमोर, त्याला हवं असेल तर, आणि त्याला हवं असेल तेवढंच. मुलाचं नाव लक्षात ठेवणं, दोन रविवार आलं नाही तर घरी चौकशी करणं, बायबलमधलं वचन पाठ नाही म्हणून चारचौघांत उभं न करणं, यातच माया आहे, आणि यातलं काहीही नियम अडवत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ एका छोट्या प्रसंगावर गेला. एकजण मूल झाला आणि म्हणाला, "टीचर, एक सांगू? पण कोणाला सांगू नका." समोरच्या बहुतेकांनी लगेच म्हटलं, "नाही सांगणार." तिथे मी थांबवलं. पाळता न येणारा शब्द द्यायचा नाही. मग आम्ही पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं: "तू सांगितलंस हे बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला जपायला ज्यांची मदत लागेल, तेवढ्यांनाच मी सांगेन." खोदून विचारायचं नाही. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "आधी कमिटीत चौकशी करू, मग पोलीस, असं नाही का चालणार?" नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यात कलम 19 प्रमाणे अठराच्या आतल्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. मुलाचं नाव उघड करायला मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात. हे ऐकल्यावर हॉलमधला ताण जरा सैल झाला. 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर त्यांनी मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावला.

"आपण आधीच थोडे, बाहेर बोभाटा होईल" आणि "प्रभूने क्षमा शिकवली आहे" हेही आलं. दोन्ही मनापासून होतं. पण मंडळीच्या अब्रूचं ओझं लेकराच्या खांद्यावर द्यायचं नसतं, आणि दुखावलेल्या मुलाला "माफ कर" असं सांगण्याचा अधिकार मोठ्यांना नाही. यावर मी जराही मागे सरत नाही.

एक शिक्षिका खरंच सोडून गेल्या. ताईंनी पालकांच्या सभेत सगळे नियम मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा दोन आया स्वतःहून मदतीला उभ्या राहिल्या आणि व्हीबीएस पार पडली. आता युवक संघाचं मुक्कामी शिबिर आहे. कोण कुठे झोपणार, रात्री मुलांना काही लागलं तर कुणाकडे जायचं, बसमध्ये हजेरी कोण घेणार, यावर त्यांची पुढची बैठक आहे, आणि या वेळी तिला युवक संघातल्या दोन मुलांनाही बोलावलं आहे.