वय ६८. फसवणुकीच्या भीतीने फोनमधलं बँकेचं ॲप काढून टाकावं का?

काढू नका. ॲप काढलंत तरी फोन वाजायचा थांबणार नाही, आणि ज्येष्ठांना गंडा घालायचा तो बहुतेक गोड बोलूनच घातला जातो. मी तुमच्याच वयाचा आहे. निवृत्तीनंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन मीच लावून देतो. माझं मत विचाराल तर आपल्या पिढीला मोबाइल कळत नाही हे खरं दुखणं नाहीच. आपल्याला भीड नडते. समोरचा अदबीने बोलतोय, मग त्याचं बोलणं तोडून फोन कसा ठेवायचा? खुशाल ठेवायचा.

तो बँकेतून बोलत असो, पोलीस असो की कुरियरवाला, फोन ठेवा आणि स्वतःहून उलटा फोन लावा. नंबर कार्डाच्या मागे छापलेला घ्यायचा. त्याने दिलेला नको, गुगलवर शोधून वर आलेलाही नको, कारण तिथे ग्राहक सेवेचे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. पडद्यावर बँकेचं नाव झळकलं तरी भुलू नका, तेही बनवता येतं. खऱ्या कर्मचाऱ्याला तुम्ही उलट फोन करण्याचा राग येत नाही. "आत्ताच्या आत्ता" आणि "घरात कुणाला बोलू नका" हे दोन्ही एकाच फोनवर ऐकलंत तर पुढचं ऐकायलाही थांबू नका.

ओटीपी कुणाला सांगू नये हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण मेसेज उघडून आपण फक्त आकडे बघतो, बाकीचा मजकूर वाचतच नाही. तो वाचा. "पैसे परत मिळवण्यासाठी" म्हणून तुमच्याकडे मागितलेल्या ओटीपीच्या मेसेजमध्ये अनेकदा स्वच्छ लिहिलेलं असतं की हा नव्या मोबाइलवर तुमचं खातं चालू करण्यासाठी आहे, किंवा अमुक रक्कम देण्यासाठी आहे. चोरी तिथेच उघडी पडते.

त्याहून वाईट म्हणजे "मदतीसाठी" एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगणं. ही ॲप्स मुळात चांगली आहेत, पण अनोळखी माणसाला त्यातून तुमचा पडदा दिसतो, ओटीपीसकट. चुकून टाकलंच असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

लिंक खरी की खोटी हे ओळखायच्या भानगडीत मी तर पडतच नाही. खोट्या लिंकच्या पत्त्यातही बँकेचं नाव सुरुवातीला असू शकतं आणि खरा मालक पुढे कुठेतरी दडलेला असतो. मेसेज आला की लिंकला हात न लावता बँकेचं ॲप स्वतः उघडायचं. निरोप खरा असेल तर बहुधा तिथेही दिसतो, नाहीतर बँकेला फोन आहेच.

नातवाच्या आवाजात "आजोबा, अडकलोय, पैसे पाठवा" असा फोन आला तर? आवाजाची नक्कल आता संगणक करतो. घरात एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर घरच्यांनाच माहीत असेल आणि फेसबुकवर कुठे सापडणार नाही.

पासवर्डमध्ये सगळ्यात जपायचा तो ईमेलचा, कारण बाकीचे बरेचसे तिथूनच बदलता येतात. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून लांबलचक करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू करा. दर महिन्याला बदलत बसायची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची सक्ती नको असं सांगितलं. वहीत लिहून कपाटात ठेवलात तरी माझी हरकत नाही. दूर बसलेल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. फोन मात्र अपडेट मागेल तेव्हा करून टाका.

आणि पैसे गेलेच, तर मुलं रागावतील म्हणून दोन दिवस गप्प बसू नका. बँकेला लगेच कळवलं तर कधीकधी व्यवहार अडवता येतो. त्यानंतर "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा" असा एक फोन येण्याची शक्यता असते. तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भाऊबंदांचा. तोही ठेवून द्या.