पुलाचा ‘जीर्णोद्धार’ होतो का?

‘गावच्या पुलाचा जीर्णोद्धार’ असा फलक एका वाचकाने पाहिला. हे बरोबर, की पुनर्बांधणी म्हणावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

व्याकरणाचं काही अडत नाही. जीर्ण झालेल्याचा उद्धार तो जीर्णोद्धार. पण वापरात हा शब्द देऊळ, समाधी, फार तर घाट आणि बारव यांनाच चिकटलाय. पुलाला लावला की फलक लावणाऱ्याला पदरात थोडं पुण्यही पाडून घ्यायचं होतं असं वाटतं! नुसते कठडे नीट केले आणि खड्डे बुजवले असतील तर ‘दुरुस्ती’ म्हणावं, खांबांपासून नवा उभारला असेल तर ‘पुनर्बांधणी’.

जीर्णोद्धारात मात्र जुनं बांधकाम उरलंच पाहिजे असं नाही. गोव्यातल्या सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगिजांनी पाडलं. देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये देऊळ बांधायला घेतलं. तिथल्या शिलालेखात ‘देवालयस्य प्रारंभः’ असं आहे. तरी आपण सर्रास महाराजांनी जीर्णोद्धार केला म्हणतो, कारण भिंती नव्या असल्या तरी देव तोच.

‘दुरुस्ती’ यंत्राची, मजकुराची, कायद्याचीही होते. ‘डागडुजी’ त्यामानाने किरकोळ, वेळ मारून नेणारी. म्हणून घटनादुरुस्ती हा रीतसर शब्द, पण ‘घटनेची डागडुजी’ म्हणालात तर तो टोमणा झाला. ‘पुनर्विकास’ कागदावरच, बोलताना ‘आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय’ असंच म्हणतात.

घरात तर हे मोठे शब्द फारसे लागतच नाहीत, कारण जवळपास प्रत्येक वस्तूचं आपलं क्रियापद आहे. फाटक्या कोटाला रफू करतात, भांड्याला कल्हई लावतात, गादीचा कापूस पिंजून घेतात. कोकणात पावसाआधी घर शाकारतात: कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, बाकीची झाडून ओळीने परत चढवायची. पाट्याला टाकी लावतात. तो बिघडलेला नसतोच, वाटून वाटून गुळगुळीत झालेला असतो. छिन्नीने बारीक टोचे मारून त्याला पुन्हा खरबरीत करायचं. ‘पाटा दुरुस्तीला टाकलाय’ असं कुणी म्हटलं तर आजी हसेल. मिक्सर मात्र दुरुस्तीलाच टाकायचा.