न्यूझीलंडची चरबी का घटली, हे चरबीत शोधू नका

तुम्ही न्यूझीलंडच्या कच्च्या, म्हणजे न कढवलेल्या, चरबीचे एफएओचे (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे) आकडे काढून आलेख मांडलात. मेंढ्यांच्या चरबीची रेघ १९८० च्या दशकानंतर खाली येत गेली, गुरांची तशी उतरली नाही. त्यावरून तुम्ही प्रबंधात कारण लिहिलंत की लोकांना आरोग्याची जाणीव झाली म्हणून चरबीची मागणी घटली. हे कारण काढून टाका, असा माझा आग्रह आहे. आखातातल्या साबण कारखान्यासाठी तेल-चरबीची खरेदी करण्यात माझी नोकरी गेली, आणि या धंद्यातली पहिली गोष्ट मी तिथे शिकलो ती ही, की चरबीसाठी कोणी जनावर कापत नाही. जनावर कापतात मांसासाठी, दूध आटलं म्हणून किंवा चारा संपला म्हणून. चरबी त्याच्यासोबत येते. त्यामुळे चरबीला भाव आला म्हणून ती जास्त निघत नाही आणि भाव पडला म्हणून कमी निघत नाही.

न्यूझीलंडमध्ये एक काळ याच्या उलट होता, आणि तो तुमच्या प्रस्तावनेत यायला हवा. एकोणिसाव्या शतकात तिथे लोकर भरपूर होती, पण मांस खायला माणसं नव्हती. म्हाताऱ्या आणि जादा मेंढ्या कढईत घालून चरबी काढत आणि पिंपं भरून इंग्लंडला मेणबत्ती-साबणासाठी पाठवत. बाकीचं मांस जवळपास वायाच जाई. फेब्रुवारी १८८२ मध्ये 'डनेडिन' हे जहाज पोर्ट चाल्मर्सहून जवळपास पाच हजार गोठवलेली धडं घेऊन निघालं आणि मे अखेरीस लंडनला पोचलं. मांस चांगल्या स्थितीत उतरलं. तिथून पुढे चरबी हे जोडउत्पादन झालं, आणि आजही ती तेच आहे.

आता तुमच्या आलेखातल्या घसरणीकडे. १९८२ मध्ये तिथे ७ कोटी ३ लाख मेंढ्या होत्या, म्हणजे माणशी बावीसच्या आसपास. आज त्या अडीच कोटींच्याही खाली आल्या आहेत. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि हक्काचं गिऱ्हाईक हातातून सुटायला लागलं. मग न्यूझीलंडच्या सरकारने हमीभाव देऊन कळप फुगवले. १९८४ मध्ये आलेल्या सरकारने ते अनुदान बंद केलं आणि फुगवटा उतरला. लोकरीचे भाव पडले. कँटरबरीसारख्या मेंढ्यांच्या मुलखात पाणी आणून दुधाचे गोठे उभे राहिले. अलीकडे झाडांनी हवेतला कार्बन शोषल्याबद्दल मिळणाऱ्या पैशासाठी डोंगरउतारावर पाइनची लागवड होते आहे, तिथलीही मेंढी गेली. या सगळ्यात कुठेही कोणी चरबीचा विचार केलेला नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेंढ्या दोनतृतीयांश घटल्या, पण मांस तेवढं घटलं नाही. १९९० च्या सुमारास कोकराचं धड सरासरी १४ किलोचं भरायचं, आता १९ च्या आसपास भरतं. मोठं धड म्हणजे जास्त चरबी, असं वाटेल. पण तिथल्या प्रतवारीत बाराव्या बरगडीवर मांस-चरबीच्या थराची जाडी मोजतात, तिला जीआर म्हणतात. हा थर १५ मिलिमीटरच्या वर गेला की धड 'एफ' वर्गात पडतं आणि शेतकऱ्याला पैसे कमी मिळतात. साहजिकच त्याने पैदास अशी केली की कोकरू वजनाला वाढावं पण थर वाढू नये. लोकांची चव आणि आरोग्य इथे येतं खरं, पण ते गिऱ्हाइकाने चरबी कमी विकत घेण्यातून येत नाही. प्रतवारीच्या दरातून आणि पैदाशीच्या मेंढ्याच्या निवडीतून येतं, आणि यायला वीस-तीस वर्षं लागतात.

हा बदल तुमच्या आकड्यांत बहुधा दिसणारच नाही. एफएओच्या तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असतं. 'ए' म्हणजे देशाने अधिकृत दिलेला, 'ई' म्हणजे अंदाजाने काढलेला, 'आय' म्हणजे गणिताने भरलेला. कच्च्या चरबीच्या बाबतीत बऱ्याच देशांचे आकडे कापलेल्या जनावरांच्या संख्येला ठरावीक गुणक लावून भरलेले असतात. कच्ची चरबी म्हणजे कापताना वेगळी निघालेली, न कढवलेली. धडावर राहिलेली त्यात येत नाही. ओळखायची रीत सोपी आहे: चरबीच्या आकड्याला त्याच वर्षीच्या कापलेल्या जनावरांनी भागा. भागाकार वर्षानुवर्षं तोच येत असेल, तर तुम्ही चरबीचा कल बघत नाही, कत्तलीचाच बघता आहात. कढवलेल्या चरबीचा तक्ता वेगळा असतो, आणि त्यात हाडं व मांस सोलतानाचे तुकडेही येतात, म्हणून दोन्हींची जुळणी करत बसू नका.

गुरांच्या बाबतीत तर फारच जपून. दुधासाठी पाळलेली गुरं १९९० च्या चौतीस लाखांच्या आसपासवरून २०१४ मध्ये ६७ लाखांवर गेली, म्हणून कापली जाणारी गुरंही वाढली. पण भाकड गाय अंगाने वाळकी असते. तिचं मांस अमेरिकेत बर्गरच्या खिम्यात जातं, ते याच कोरडेपणासाठी. पोसलेल्या बैलाइतकी चरबी तिच्याकडून मिळत नाही. त्यात चार-आठ दिवसांची नर वासरं लाखोंनी कापली जातात, त्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. तुमच्या 'गुरं कापली' या रकान्यात ती वासरं धरली आहेत की नाहीत, हे आधी तपासा. नाहीतर दर जनावरी चरबी घटली असा निष्कर्ष निघेल आणि तो निव्वळ मोजणीचा परिणाम असेल.

रेघेतले उंचवटेही दुष्काळाचे असतात. २००७-०८ च्या दुष्काळात चारा नाही म्हणून कळप विकले गेले; जून २००७ मध्ये ३ कोटी ८५ लाखांच्या आसपास असलेल्या मेंढ्या वर्षभरात ३ कोटी ४१ लाखांवर आल्या. कत्तल वाढली की चरबी वाढलेली दिसते, आणि पुढच्या हंगामात खड्डा पडतो. तिथली जनावरांची मोजणी ३० जूनची असते आणि मांसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, हेही लक्षात ठेवा.

मागणीबद्दल लिहायचंच असेल तर ते उत्पादनाच्या प्रकरणात न लिहिता वाटपाच्या प्रकरणात लिहा. पूर्वी ही चरबी प्रामुख्याने साबण आणि स्निग्धाम्लांच्या कारखान्यांना जायची. आता नेस्टे या फिनलंडच्या इंधन कंपनीचा सिंगापूरचा कारखाना आणि अमेरिकेतले कारखाने तिच्यापासून डिझेल करतात. त्यामुळे भाव इतका चढला की ऑकलंडजवळ वीरी इथे झेड एनर्जी या इंधन कंपनीने चरबीपासून डिझेल करायला उभारलेला प्रकल्प २०२० मध्ये बंद ठेवावा लागला. भाव चढला, कारखाना बंद पडला, पण मेंढी एकही वाढली नाही. तुमच्या मागणीच्या तर्काला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

तो भागाकार करून १९९० पासूनचा तक्ता इथेच टाका, अक्षरांच्या रकान्यासकट. मग कुठल्या वर्षांवर बोलण्यात अर्थ आहे ते बघू.