विनापरवानगी स्लॅबचं घर विकताना

प्रश्न : ताई, दर्यापूर तालुक्यात गावठाणात आमचं घर आहे, बाबांनी कवेलू काढून स्लॅब टाकला अन् वर एक खोली काढली, ग्रामपंचायतीला विचारलंच नाही. आता विकायचंय तर गिऱ्हाईक बँकेचं लोन घेणार म्हणतो. त्याला सांगू की गप्प राहू?

उत्तर : सांगाच भाऊ. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५ प्रमाणे घेणाऱ्याला सहज कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगावाच लागतो, अन् तसंही नमुना ८ वर (ग्रामपंचायतीचा घरटॅक्सचा उतारा) कवेलूचं घर अन् समोर स्लॅबवर खोली, हे बँकेच्या माणसाला दारातच दिसते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचा ग्रामसेवक) भेटून बांधकाम नियमित होऊ शकते का ते लेखी विचारा. नुसती घरटॅक्सची नोंद वाढवून घेतली म्हणजे परवानगी मिळाली असं बिलकुल नाही, अन् नमुना ८ हा मालकीचा पुरावाही नाही, इथे लई लोक फसतात.

मला खरी काळजी पायव्याची वाटते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, कवेलूच्या वजनावर घातलेला पायवा स्लॅब अन् वरची खोली पेलतो का हे इंजिनिअरलाच दाखवा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असेल तर पुट्टी मारून लपवू नका, उद्या त्या खोलीत दुसऱ्याची लेकरं झोपणार आहेत. रिपोर्ट गिऱ्हाईकाला द्या, विक्रीपत्रात वरची खोली विनापरवानगी आहे असं वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या, भाव थोडा कमी आला तरी चालेल.