बायपासनंतर कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे जखमेत जंतुसंसर्ग होतो का?

आपल्या वडिलांची बायपास झाली आहे, पायाच्या जखमेतून पाणी येते आणि रात्रीच्या ॲटॉर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे प्रतिकारशक्ती घटली असावी म्हणून ती बंद करा, असे नातेवाईक सांगतात, असे आपण लिहिले आहे. मी लातूरला औषधांचे दुकान चालवणारा फार्मासिस्ट आहे. हैदराबाद, सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून शस्त्रक्रिया करून परतलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या आमच्याकडे येतात. त्यांतून सर्वांत आधी हीच गोळी गळते, कारण ती न घेतल्याने दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही.

कृपया ती बंद करू नका. स्टॅटिनमुळे (म्हणजे ॲटॉर्व्हास्टॅटिनसारख्या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांमुळे) जखम चिघळते असे अभ्यासांतून दिसलेले नाही. उलट, ही औषधे शरीरातील दाहही कमी करतात, म्हणून त्यांनी संसर्ग टळेल अशी आशा अनेक वर्षे होती, आणि काही जुन्या नोंदींत स्टॅटिन घेणाऱ्यांना संसर्ग कमी झाल्याचेही दिसले. परंतु नेमाने गोळी घेणारा माणूस साखर तपासतो, वेळेवर दवाखान्यात जातो, त्यामुळे श्रेय गोळीचे की त्या काळजीचे हे नुसत्या नोंदींवरून ठरत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तसे रुग्ण विभागून केलेल्या चाचण्यांनी ही आशा बरीच ओसरली. सेप्सिसमुळे (संसर्गातून शरीरभर उठणाऱ्या जीवघेण्या बिघाडामुळे) फुप्फुसे निकामी होऊ लागलेल्या रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन हे याच गटातले औषध देऊन मृत्यू कमी झाले नाहीत, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. 2016 मध्ये चीनमधील 1,922 हृदयशस्त्रक्रिया-रुग्णांच्या चाचणीत तेच औषध शस्त्रक्रियेच्या सुमारास दिल्याने हृदयाचे ठोके अनियमित होणे टळले नाही आणि मूत्रपिंडाला इजा थोडी अधिक झाली. म्हणून संसर्ग टाळण्यासाठी ती ऐनवेळी सुरू करण्यात अर्थ नाही. वडिलांना मात्र ती जोडलेल्या व मूळच्या रक्तवाहिन्या पुन्हा तुंबू नयेत म्हणून दिलेली आहे, आणि ते काम दीर्घकाळचे आहे.

जखमेसाठी पाहायचे ते वेगळेच. मधुमेह असेल तर रोजची साखर लिहून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात ती 180 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या आत राखण्याचा आग्रह धरतात, तो जखमेसाठीही असतो. तंबाखू आणि बिडी पूर्ण बंद हवी. बायपाससाठी जिथली शीर काढली तो पाय बाजेवरून लोंबकळत राहिला की सुजतो आणि टाक्यांतून पाणी झिरपते. तो उशीवर उंच ठेवावा. हळद, तेल, राख काहीही लावू नये.

स्राव पिवळा किंवा दुर्गंधीयुक्त झाला, ताप आला, किंवा खोकताना छातीच्या हाडात कटकट जाणवली, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक द्यावे लागले तर ॲटॉर्व्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. तेवढ्या दिवसांपुरता डोस कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टरच ठरवतील.