परत गेलीस का?

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ‘आधी स्वतःला घडवू की समाजासाठी काही करू’ यावर चार पानं, आणि साडेतीन ओळी त्या म्हातारीवर, जिचे श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनचे पैसे दिवाळीपासून बंद आहेत. तिनं तुझ्या हातात पासबुक दिलं, तू ‘पाहते’ म्हणालीस. मग तिच्या गावातल्या तुमच्या शिबिराचा समारोप झाला, ट्रॅव्हल्स आली, तुम्ही निघून गेलात. शिबिराला आता पाच महिने होतात.

परत गेलीस का?

नाही गेलीस, हे पत्रावरूनच कळतं. मी रागावलो नाही. म्हणजे थोडा रागावलो. 7 दिवसांत तुम्ही शोषखड्डे खणले, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा बंधारा घातला, भिंतींवर घोषवाक्यं लिहिली. त्या बंधाऱ्यात पाणी किती दिवस थांबलं, ते गावाला माहीत आहे. तुला नाही.

हे मी ज्या तोऱ्यात सांगतोय, तो तोरा मला शोभत नाही. मी तुझ्याच वयाचा असतानाची गोष्ट ऐक. मे महिना, तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम. आम्ही चार मित्र एका फडावर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, जाऊन बसायचो. बायका पहाटे जंगलात जायच्या, दुपारभर पानं जुळवून 70-70 चे पुडे बांधायच्या आणि सांजच्याला फडावर मांडायच्या. तिथला हिशोबनीस, म्हणजे मुन्शी, शेकड्यामागे पाच पुडे ‘वरचे’ घ्यायचा, त्याचा पैसा नाही. आम्ही दोन दिवस ते वहीत उतरवून घेतलं, बायकांचे अंगठे घेतले, अर्ज दिला, पेपरात चार ओळी छापून आल्या. छाती फुगली. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या कामात. तिथंही बरंच नाव झालं.

तीन वर्षांनी सहज त्या वाटेनं गेलो. अंगठा देणाऱ्यांपैकी एक बाई मोहफुलं वाळवत होती. पाणी दिलं, बसायला खाट टाकली. मग म्हणाली, “तुमी त गेले ना बापू. आमाले इथंच रायचं होतं.” पुढच्या हंगामात मुन्शीनं अंगठेवाल्या बायकांचे पुडे पान फाटकं आहे, ओलं आहे म्हणून परत फिरवले होते. निम्मा हंगाम बुडाला. माझ्या वहीतला हिशोब बरोबर होता, फक्त तो दाखवायला पुढच्या मे महिन्यात मी फडावर नव्हतो.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. परत जा. त्याच गावात, त्याच दारी. आपल्याकडे लोक खरं बोलतात ते दुसऱ्या हंगामात. पहिल्या हंगामात चहा पाजतात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या पाटीसमोरचा फोटो पाठवलास. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार.’ छान आलाय. पण तारखा पाहा. वनहक्काचा कायदा 2006 चा. मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलाचं सामूहिक हक्कपत्र मिळालं 2009 मध्ये, आणि स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला 27 एप्रिल 2011 ला. आणि गोल करून बसायची, अभ्यासगटात वाद घालायची, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर ठराव न करायची सवय? ती ऐंशीच्या दशकापासूनची. देवाजी तोफा गावातलेच. मोहन हिराबाई हिरालाल बाहेरचे, पण ते जात राहिले. वर्षानुवर्षं, त्याच गावात. फोटोत हे येत नाही.

स्वतःला घडवायचं म्हणतेस, तर घडव ना. एमपीएससीचा फॉर्म भर, मला काही हरकत नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला मात्र पैसे घालू नकोस. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला जा आणि मागं बस. त्याआधीची महिलांची सभा खरंच भरते, की ठरावबुक घरोघरी फिरवून सह्या घेतात, ते पाहा. धानाच्या रोवणीचे दिवस असतील, बाया बांधीत, म्हणजे शेतात असतील. सभेची वेळ कोणी ठरवली, एवढं एकच विचार. मग 2 ऑक्टोबरला परत जा. 26 जानेवारीला परत जा. तुझ्यात काय कमी आहे ते तिथं फुकट कळेल.

मी स्वतः त्या तेंदूच्या गावी परत गेलो, आणि मग जातच राहिलो. केंद्रप्रमुखाची बढती नाकारली, कारण बदली झाली असती. लोक म्हणतात, मास्तरानं एका गावापायी आयुष्य घालवलं. घालवलं, बाप्पा! दहा गावांत फोटो काढून कोणाचं भलं झालं ते तरी सांगा. माझा मुलगा अजून ऐकवतो की त्याच्या दहावीच्या वर्षी मी घरी कमी आणि तिथंच जास्त होतो. खरं आहे त्याचं. पण फडावर आता बायका स्वतः मोजतात, वरचे पुडे बंद आहेत. हे मी तुला का सांगून राहिलो, मलाच कळत नाही. त्यालाच सांगायला हवं होतं.

असो. म्हातारीचं पाहा. हयातीचा दाखला दिला नसेल, किंवा खातं आधारशी जोडलेलं नसेल. बहुतेक वेळा या दोहोंतलं एक निघतं. पासबुक, आधार कार्ड घे आणि तिला सोबत घेऊनच तहसीलला जा, संजय गांधी निराधार योजनेच्या विभागात. एका फेरीत होणार नाही. सोमवारी जा, बाबू जागेवर सापडण्याची शक्यता जास्त. तिच्या गावाहून सकाळची एसटी किती वाजता आहे, ते मला कळव.

तुझा,
काका