अमेरिकेहून आलेला जुना ऑसिलोस्कोप आपल्याकडे लावताना व्होल्टेज कुठे ठेवायचं आणि अर्थिंग कसं तपासायचं?

भावाने पाठवलेल्या ॲनालॉग स्कोपच्या (सर्किटमधलं बदलतं व्होल्टेज पडद्यावर रेषेने दाखवणारं यंत्र) मागे १००, १२०, २२०, २४० असा सिलेक्टर आहे, तो कुठे ठेवायचा, हा तुमचा मुख्य प्रश्न. त्याच बोर्डावरच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी दुरुस्तीचं काम करतो, आणि मला काळजी वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची.

सिलेक्टरचं आधी उरकू. आपल्याकडे कागदोपत्री २३० व्होल्ट, आणि नेमका तोच आकडा त्यावर नाही. सॉकेटमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने संध्याकाळी एकदा आणि रात्री उशिरा एकदा बघा. असे स्कोप बहुधा दहा टक्के वर-खाली सहन करतात, म्हणजे २२० वर १९८ ते २४२ आणि २४० वर २१६ ते २६४. रात्री २४५ पर्यंत चढत असेल तर २४०, संध्याकाळी २०५ पर्यंत पडत असेल तर २२०. दोन्ही होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. सिलेक्टर फिरवताना प्लग काढलेला हवा. फ्यूजही बदला. १२० च्या मानाने २४० ला साधारण निम्म्या अँपिअरचा लागतो, नेमका आकडा मागच्या पट्टीवर छापलेला असतो. पट्टीवर नुसतंच ६० हर्ट्झ असेल तर मात्र लावू नका, ५० वर ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो.

आता झिणझिण्या. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट मुकाट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतं. करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्याही आत असतो, म्हणून नुसती चुणचुण होते. पण उद्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली तर अडवायला काही नाही.

सॉकेटकडे तोंड करून उभे राहा. वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखं यायला हवं, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थला शंभर-सव्वाशे आणि तेही हलतं रीडिंग आलं, तर अर्थ तुटलेलं समजा. असे बोर्ड उघडले की हिरवी वायर बऱ्याचदा मागे वेटोळं करून खुपसलेली सापडते, टोक सोललेलंसुद्धा नसतं. बोर्ड तर तीन पिनचा दिसतो!

त्याहून वाईट जुगाड म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडणे. रीडिंग झकास येतं. बाहेर न्यूट्रल तुटला की मात्र सगळ्या कॅबिनेटमध्ये फेज उतरतो. ओळखायचं असं: त्याच बोर्डावर इस्त्री लावा आणि न्यूट्रल-अर्थ बघा. लोड पडला की थोडं वाढायलाच हवं. ढिम्म शून्यावर राहिलं तर वायरमनला बोर्ड उघडून दाखवायला सांगा. फेज-अर्थमध्ये बल्ब लावून बघण्याची परीक्षाही त्यालाच करू द्या. अर्थ तुटलेलं असेल तर बल्बमधून फेज घरभरच्या पत्र्यांवर जातो, त्यामुळे आधी बाकीचे प्लग काढावे लागतात. बल्ब लावताच आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) पडला तर घाबरू नका, अर्थ आहे असाच त्याचा अर्थ.

स्कोपच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण प्रोबची (मोजायच्या जागी टेकवायच्या वायरीची) मगर-क्लिप आतून थेट पत्र्याला आणि अर्थच्या पिनला जोडलेली असते. अर्थ नसताना ती क्लिप चुकून मेनच्या बाजूला लागली, तर स्कोपची सगळी बॉडी जिवंत होते. अर्थ असेल तर निदान ठिणगी उडून फ्यूज जाईल. ‘स्कोप फ्लोट करायचा’, म्हणजे अर्थपासून तोडून तरंगता ठेवायचा, म्हणून अर्थची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मेनशी जोडलेलं सर्किट मोजायचं असेल तर त्या सर्किटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनशी थेट जोड न ठेवता वीज देणारा) लावा.

प्लग लावण्याआधी मीटर ओहमवर ठेवून प्लगच्या अर्थ पिनपासून मागच्या उघड्या स्क्रूपर्यंत बघा. मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून एक ओहमच्या आत यायला हवं. जास्त आलं तर आधी कॉर्ड बदलून पाहा.